टोरीचं तेल आणि धनीरामचा हुंकार

माझ्या गोष्टींतला वाघ खरा नसेल, पण धनीराम खरा होता. आयुष्यभर मी ज्या थापा मारल्या (लोक थापा म्हणतात, मी गोष्टी म्हणतो) त्या प्रत्येकीच्या शेजारी धनीराम बसलेला असे. मी मान वळवून "काय बे धन्या, होता ना तू तिथं?" म्हटलं की तो तोंडातला तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात न्यायचा आणि शांतपणे म्हणायचा, "होतो ना." झालं. त्यापुढे विचारायची दिघोरीत कोणाची छाती नव्हती.

आमच्याकडे गोष्टीला दोन माणसं लागतात. एक सांगणारा, एक हुंकार देणारा. धान चुरायच्या दिवसांत खळ्यावर माणसं जागी ठेवायची तर गोष्ट पाहिजे, आणि गोष्ट चालती ठेवायची तर मधूनमधून कोणीतरी "हं, मंग?" म्हणायला पाहिजे. हुंकार थांबला की सांगणाऱ्यानं तोंड मिटायचं, वाक्य अर्धं राहिलं तरी. हा नियम माझ्या आजाच्याही आधीचा. धनीराम मात्र नुसता हुंकार देऊन थांबत नसे, साक्षच देई. बोडीतला, म्हणजे आमच्या लहान तळ्यातला, मासा गाडीत मावेना म्हणून आम्ही त्याच्याच पाठीवर बसून घरी आलो, तेव्हा शेपटीकडे धनीराम होता. त्याला गुडघाभर पाण्याचीही भीती वाटते, ती गोष्ट निराळी.

सगळ्यांत गाजली ती सिरक्याची गोष्ट. माझी बायको कौशल्याबाई बैलांसाठी मोहफुलं भिजत घालायची. एका उन्हाळ्यात एक मडकं आंब्याखाली विसरून राहिलं. फुलं आधी फसफसली, मग त्यांची दारू झाली, मग दारू होऊन राहण्याचाही कंटाळा आला आणि सिरका झाला. इथपर्यंत सगळं खरं. पुढचं माझं. शेळीच्या मागावर एक वाघ आला, मोहाच्या वासानं मडक्यापाशी थांबला, दारू समजून गटागटा प्यायला. त्याचे दात असे आंबले, असे आंबले, की शेळी समोर उभी राहून त्याच्याकडे बघतेय आणि याला तिचा कानसुद्धा चावता येईना. शेवटी बिचारा बोडीत उतरला आणि गळ्याएवढ्या पाण्यात तोंड उघडून दुपारपर्यंत चुळा भरत राहिला. मी आणि धनीराम आंब्यावर बसून सगळं बघत होतो.

कौशल्याबाई दर वेळी म्हणायची, निदान शेळी तरी खरी ठेवत जा. कौशल्याबाई गेली, मडकं राहिलं. दर वर्षी नवी मोहफुलं भिजवतो, ती आंबली की जुन्या सिरक्यावर धरलेला पापुद्रा उचलून त्यात सोडतो, जसं दुधाला विरजण. घरात दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा त्या पापुद्र्याशीच चार शब्द बोलत असे.

मग रीता आली. माझ्या कैलाशची पोरगी. कैलाश राहतो नागपूरला. ही तिथल्याच एका हॉटेलच्या किचनमध्ये भाज्या कापण्यापासून सुरुवात करून सॅलडच्या टेबलापर्यंत पोचली होती. ते हॉटेल बंद पडलं. दिवाळीला म्हणून दिघोरीत आली आणि राहिली. घरात भांड्यांचा आवाज सुरू झाला. सकाळी उठवायला माणूस आलं. ती रोज माझ्या गुडघ्यांना टोरीचं तेल लावायची. टोरी म्हणजे मोहाची बी. तिचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं. रीता डब्यातून चमच्यानं खरवडून वाटीत घ्यायची, वाटी चुलीजवळ सरकवायची, वितळलं की त्यात बोटं बुडवून म्हणायची, "आबाजी, पाय सरळ करा." ही वाटी लक्षात ठेवा, पुढं लागेल.

या वयात मला दुसरं काही मागायचं नव्हतं. ही पोरगी या घरात राहावी, एवढंच.

एक दिवस तिनं मडक्यावरचं फडकं सारलं, वास घेतला आणि म्हणाली, हॉटेलात बाटलीतून यायचा त्याच्यापेक्षा हा चांगला आहे, याचं व्हिनेग्रेट होईल. मी म्हटलं, होऊ दे, पण ते खायचं की लावायचं? ती हसली आणि कामाला लागली. आधी मीठ, आणि तेही सिरक्यात. तेल पडल्यावर मीठ विरघळत नाही, दाताखाली येतं. मग वाटलेली मोहरी, ठेचलेला लसूण, गुळाचा खडा. सगळ्यात शेवटी जवसाचं तेल, सिरक्याच्या तिप्पट, पण एकदम नाही. एका हातानं केसासारखी धार, दुसऱ्या हातात रवी. मी विचारलं, मोहरी कायले? तर म्हणे, तेलाचं आणि सिरक्याचं पटत नाही, मोहरी मधे बसून दोघांना धरून ठेवते. चव बोटानं घ्यायची नाही, पानानं घ्यायची, कारण खाताना बोट खायचं नसतं. तिनं हरभऱ्याचा शेंडा बुडवून माझ्या तोंडात दिला. मी जन्मभर कांदा बुक्कीनं फोडून मिठाशी खाल्लेला माणूस. डोळे मिटले, आणि गोष्ट सांगायचंही सुचलं नाही.

पुढं रोजच बनायला लागलं. बाटलीत भरून झाकण घट्ट लावून हलवायचं काम धनीरामला दिलं, कारण त्याचा हात तसाही थरथरतो. मी गावात बोलत हिंडायचो आणि ते दोघं वाडीत मुळ्याच्या वाफ्याशी बसून बाटली हलवायचे. मला बरं वाटायचं. माझी नात आणि माझा साक्षीदार एका जागी. संशय घ्यावा असं त्यात काय होतं.

लाखांदूरच्या बाजारात चहाच्या टपरीवर मी वाघाची गोष्ट सांगत होतो, तेव्हा कमलेश भेटला. जंगलाच्या गेटाजवळ एक रिसॉर्ट आहे, तिथला मॅनेजर, भाजी घ्यायला आलेला. हसून हसून त्याचा चहा सांडला. म्हणाला, काका, आमच्या पाहुण्यांना चव तर पाहिजेच, पण बाटलीमागं एक गोष्ट पाहिजे. मी म्हटलं, बाटलीही आहे, गोष्टही आहे आणि बनवणारी पोरगीही घरची आहे. ठरलं. तो येऊन चाखणार. पटलं तर सॅलडचं टेबल रीताकडे. घरून जायचं, घरी यायचं.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा रीता मुळे धूत होती. हात थांबले. म्हणाली, "आबाजी, मले विचारायचं तं होतं." मी तो हुंकार समजलो आणि पुढं बोलत राहिलो. संध्याकाळपर्यंत गावात बातमी झाली की यादोरावची नात रिसॉर्टची मोठी आचारी झाली. आचाऱ्याच्या डोक्यावरची टोपी केवढी उंच असते तेही मी हातानं दाखवलं.

कमलेश आला ती पौषातली सकाळ. तोंडातून वाफ निघत होती. अंगणात बाज टाकली, त्यावर नवी चादर. शेजारचा तुलाराम आला, समोरची गोदावरीबाई आली, धनीराम येऊन आपल्या जागी, माझ्या डाव्या हाताला बसला. रीतानं ताट आणलं. मुळ्याच्या चकत्या, कांद्याची पात, हरभऱ्याचे शेंडे, टमाटर, वर सांभार, म्हणजे कोथिंबीर. मग चुलीजवळून बाटली आणली, हलवली आणि ओतली. सोन्यासारखी धार. पानं चमकायला लागली. मी कमलेशकडे पाहिलं, त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

पण पाहुण्याला चार शब्द बोलल्याशिवाय जेवू घालायची मला सवय नाही. मी बोलत होतो आणि ताट थंडीत पडलं होतं. बोलणं संपवून खाली पाहतो तर पानांवरची चमक गेलेली. मुळ्यावर पांढरी साय धरलेली, जणू त्याच्यावर मेणबत्ती सांडली होती. कमलेशनं एक चकती उचलली तर तिच्या मागोमाग टमाटर आलं, चिकटून. तोंडात घातलं. त्याची जीभ टाळूवरून काहीतरी खरवडतेय, हे बाहेरून दिसत होतं.

माणूस सभ्य. म्हणाला, हे असंच असते का?

रीता जमिनीकडे पाहून म्हणाली, "थंडीत असंच होते."

ती आणखी काही बोलण्याआधी मी उडी घेतली. म्हटलं, साहेब, असंच पाहिजे, यासाठीच तर कौशल्याबाईनं डोकं चालवलं होतं. ज्या वाघाचे दात आंबले त्याची तिला दया आली. तिनं सिरक्याला तेलाचा सदरा शिवला. आधी सदरा जिभेवर उतरतो, मग आतला आंबटपणा हळूच बाहेर येतो, दाताला कळतसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तोच वाघ पुन्हा आला, ताटभर मुळा खाऊन गेला आणि शेळीला ओळखही दाखवली नाही.

कमलेशच्या चेहऱ्यावर हसू परत आलं. त्यानं खिशातून मोबाइल काढला, माझ्यासमोर धरला, म्हणाला, काका, हे पुन्हा एकदा, पहिल्यापासून. बाटलीवर वाघ काढू, सदरा घातलेला. थिजलेला मुळा त्यानं पुन्हा तोंडात घातला आणि या खेपेला तो त्याला गोडही लागला असावा. रीता आता इथंच राहिली, मी मनात म्हटलं. मी पुन्हा सांगितलं. मडकं, वास, शेळी, बोडी, दुसऱ्या दिवशीचा मुळा. कमलेश गमतीनं म्हणाला, पाहिलं कोणी?

या प्रश्नासाठीच तर माझ्या डाव्या हाताला माणूस बसवलेला होता. मी मान वळवली.

"काय बे धन्या, होता ना तू तिथं?"

धनीरामनं खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. मग परत पहिल्या गालात आणला. हे त्यानं आजवर कधी केलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "मी नव्हतो तिथं."

तुलाराम हसला. त्याला वाटलं गोष्टीतच आहे. धनीराम आणखी हळू आवाजात म्हणाला, "कधीच नव्हतो."

कमलेशनं मोबाइल खिशात घातला. मग नीट बोलला, पोरीचा हात चांगला आहे म्हणाला, वरच्यांना विचारून फोन करतो म्हणाला. उठताना ताट हातानं अलगद बाजूला सरकवलं. गाडीचा आवाज वळणावर संपला, तेव्हा धनीरामची जागा रिकामी होती. गोदावरीबाईनं ताटातला एक मुळा उचलून निरखला आणि म्हणाली, भाऊजी, हा दिव्यात ठेवला तं जळल बी.

मी स्वयंपाकघरात गेलो. उरलेली बाटली चुलीजवळ धरली. पांढरं विरघळलं, पुन्हा सोन्यासारखं झालं. झाकण उघडून वास घेतला. तो वास मला नाकानं ओळखावा लागला नाही, गुडघ्यांनीच ओळखला. टोरीचं तेल. फळीवर जवसाच्या तेलाची नवी बाटली गळ्यापर्यंत भरलेली, तोंडाला फडकं बांधलेलं, हातही लागलेला नव्हता.

दुसऱ्या कोणाच्या हातून झालं असतं तर चूक म्हटलं असतं. पण या घरात टोरीचं तेल रोज सकाळी खरवडून वितळवणारी ती एकटीच. ते थिजतं हे तिच्याइतकं कोणाला माहीत.

मागं वळलो तर रीता दारात.

"जवसाचं तेल संपलं होतं काय?"

"नाही."

मला आणखी एक प्रश्न विचारता आला असता. विचारला नाही. ती खरं बोलेल याची भीती वाटली.

धनीराम त्याच्या अंगणात तणसाचे पेंढे बांधत होता. मला पाहून बस म्हणाला. मी बसलो नाही. काहून, एवढंच विचारलं. त्यानं दोर आवळला आणि पेंढ्याकडे पाहतच सगळं सांगितलं. पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलातून रीताला बोलावणं आलं होतं, दिवाळी झाल्या झाल्याच. तिला जायचं होतं. मला सांगायचं कसं म्हणून रोज उद्यावर टाकत होती, तेवढ्यात मी कमलेशला घरी बोलावलं आणि गावभर टोपी दाखवली. आता नाही म्हणावं तर आबाजीचा शब्द जातो. म्हणून तिनं ठरवलं, ताटच असं करायचं की पाहुण्यानंच नाही म्हणावं आणि बोल आबाजीवर येऊ नये. धनीरामकडून तिनं एकच मागितलं होतं. आबाजी गोष्ट काढतील, तेव्हा हो म्हणू नका.

"अन् तू ऐकलं."

"ऐकलं."

"मले काहून नाही सांगतलं तिनं?"

धनीरामनं पहिल्यांदा वर पाहिलं. "तुले सांगतलं असतं तं तू त्याची गोष्ट केली असती, यादो. पुण्याच्या रस्त्यात वाघ बसवला असता. पोरगी मंग वाघाले बोलल का तुले बोलल?"

मी म्हटलं, तुझं काय जात होतं बे, रोज म्हणतोस तसं आजही होतो म्हटलं असतंस तर.

तेव्हा तो जे बोलला ते मी विसरायचा फार प्रयत्न केला आहे. म्हणाला, "वाघ आला म्हणतोस त्या दिवशी मी साकोलीले गेलतो, दाढ काढाले. तोंड सुजून मडक्याएवढं. पाणी गिळता येत नव्हतं, उभ्या उभ्या चुळा भरत होतो. तू पाहाले आला. पाह्यलं, बाहेर गेला, अन् माही दाढ नेऊन वाघाच्या तोंडात बसवली. लोक हसले. मीबी हसलो. मंग तू मान वळवली अन् मी होतो म्हनलो." त्यानं पेंढा उचलून ढिगावर ठेवला. "मी खरंच कुठं होतो, हे कधी कोणी विचारलंच नाही. त्या पोरीनं विचारलं, बाटली हलवता हलवता."

दाढ त्याची होती, मान्य. पण इतकी वर्षं गालात धरून ठेवलेली दाढ थुंकायला त्याला तीच सकाळ सापडावी? आणि माझी नात, माझ्याच वाडीत, माझ्याच मुळ्याच्या वाफ्याशी बसून माझ्याच माणसाजवळ मन मोकळं करते आणि मला सकाळी विचारते, आबाजी, चहात साखर किती. मी तसाच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी ती वाटी घेऊन आली. पाय सरळ करा म्हणाली. मी पाय आखडून घेतला. म्हटलं, राहू दे, आज थंडी कमी आहे. अंगणातल्या बादलीत हात बुडवला असता तर बधिर झाला असता. ती थोडा वेळ वाटी धरून बसली. तेल पुन्हा थिजलं, तेव्हा उठली.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं सिरक्याचा पापुद्रा मागितला. पुण्यात लावीन म्हणाली, आजीचा आहे. विरजण मागणाऱ्याला आमच्याकडे नाही म्हणत नाहीत, भांडण असलं तरी. मी तो दोन्ही हातांनी उचलून रुंद तोंडाच्या बाटलीत सोडला, वर सिरका घातला, तोंडाला फडकं बांधलं. झाकण लावू नकोस, त्याला हवा लागते, एवढंच सांगितलं. ती पाया पडली. मी डोक्यावर हात ठेवला. हाताला कळत नव्हतं की आपण रागावलो आहोत.

लाखांदूरच्या स्टँडवर बस यायला वेळ होता. धनीराम कोणी न बोलावता आला होता आणि आमच्यापासून थोडा दूर, बाकाच्या टोकाला बसला होता. रीतानं बाटली मांडीत उभी धरली होती. म्हणाली, "आबाजी, वाघाची सांगा ना. जाता जाता."

मला वाटलं नाही म्हणावं. पण गोष्ट मागितली की तोंड माझं ऐकत नाही. सुरू केली. मडकं आलं, मोहाचा वास आला, शेळी आली. स्टँडवरची माणसं पिशव्या घेऊन जवळ सरकली. वाघाचे दात आंबले. वाघ बोडीत उतरला, गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहिला, त्यानं तोंड उघडलं. आणि मी सवयीनं थांबलो. मान मात्र वळवली नाही.

बाकाच्या टोकावरून आवाज आला. जुना, नेहमीचा, खर्रा गालात घेतलेला.

"होतो ना मी तिथं."

रीतानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसायच्या बेतात होती. मला एवढंच करायला हवं होतं की गोष्ट पुढं न्यायची. वाघाला चूळ भरू द्यायची.

"नव्हता तू," मी म्हणालो. "तूच सांगतलं."

मग मी तोंड मिटलं. एका म्हातारीनं विचारलं, मंग काय झालं बाबा? तेवढ्यात बस लागली. रीता खिडकीशी बसली, बाटली सांभाळत. बस वळेपर्यंत ती हात हलवत होती. मी हलवला की नाही, आठवत नाही.

परत येताना दिघोरीच्या बसमध्ये धनीराम पुढच्या सीटवर, मी मागच्या. अजूनही तसंच आहे. तो येतो, माझ्या डाव्या हाताला बसतो, मी बोलत नाही. तुलाराम अधूनमधून विचारतो, काका, त्या वाघाचं काय झालं शेवटी? मी म्हणतो, धनीरामले विचार. धनीराम म्हणतो, मी नव्हतो तिथं.

म्हणून वाघ अजून बोडीतच आहे. पौषाच्या पाण्यात गळ्यापर्यंत, तोंड उघडून, दात आंबलेले. आणि शेळी काठच्या पाळीवर उभी राहून त्याच्याकडे बघतेय.